डब्यात काय आणलंय?

स्वाकोपमुंडला धुकं समुद्रातून येतं
आणि कुणाला न विचारता धावपट्टीवर बसून राहतं.
सकाळी सातपासून आम्ही त्याचं तोंड बघतोय.
मी तीनदा संडासला जाऊन आले.
छातीवरचा पट्टा अकरा वेळा चाचपला,
अकरा म्हणजे मोजायला लागल्यापासून.
आणि जांभया. एकीला दुसरी लागून,
जशी काही रात्रपाळी करून आलेय.
इंडिलेनी पॅराशूटची घडी घालत होती,
गुडघ्यांनी दाबून त्यातली हवा काढत.
"भीतीला जांभया येतात," ती म्हणाली,
"माझ्या नवऱ्याला लग्नात आल्या होत्या."

गेल्या शनिवारी मी विमानातून वर गेले
आणि विमानातूनच खाली आले.
दार उघडलं, वारा आत शिरला,
पायरीवर एक पाय ठेवला.
दुसरा आला नाही.
एकहार्ट काही बोलला नाही, दार लावून घेतलं.
उतरताना कानांत दडे बसले.
साडेसात महिन्यांची बचत माझ्या मांडीवर
हेल्मेटसारखी उलटी पडली होती.

सोमवारी कारखान्यात कुणी काही विचारलं नाही.
कुणाला सांगितलंच नव्हतं.
वॉल्विस बेच्या त्या पट्ट्यावर
पिलचर्डचे डबे येतात, मी झाकण तपासते,
बसलं असेल तर जा, नसेल तर बाजूला.
त्या आठवड्यात प्रत्येक डब्याला एक आकडा दिला:
एक हजार एक, एक हजार दोन,
एक हजार तीन, एक हजार चार, वर बघ.
एक हजार एक.
पर्यवेक्षक म्हणाला, पुटपुटतेस काय?

साडेदहाला धुकं उठलं,
आलं तसंच, न सांगता.
विमान लहान. आत माणसं कमी, गुडघेच जास्त.
खाली गुलाबी मिठागरं, मग वाळू,
मग वाळूच.
मनगटावरच्या काट्याने दोन हजार दाखवले, तीन हजार.
माझं पोट बाराशेलाच उतरलं होतं.

साडेतीन हजार. दार.
पाय पायरीवर. दोन्ही.
पंखाखालचा दांडा घट्ट धरलेला,
गालांची कातडी वाऱ्याने कानांमागे नेऊन ठेवलेली.
आणि श्वास आत आहे, पण निघत नाही.
झाकण बसलेलं.

एकहार्ट दारातून वाकून ओरडला,
"डब्यात काय आणलंय?"
"काय?"
"जेवायला! डब्यात!"
"वेटकुक!" मी ओरडले. "खिमा घालून!"

ओरडायला श्वास लागतो,
लागतो तो सोडावा लागतो.
त्याने फक्त मान हलवली.
दांड्यावरचे हात, जे इतका वेळ
दुसऱ्याच कुणाचे वाटत होते,
सुटले.

एक हजार एक.
विमानाचं पोट, त्यावर तेलाचा डाग.
एक हजार दोन.
पाय सायकल चालवतायत.
एक हजार तीन.
कमान! विसरले. आठवली.
एक हजार चा

खांद्यांना धरून कुणीतरी उभं केलं.

वर बघ. चौकोन. पूर्ण. दोऱ्या सरळ.
आणि मग इतकं शांत
की रेडिओवर इंडिलेनी खोकली तेही ऐकू आलं.
"डावीकडे, न्देशी. अजून. पुरे."
वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, असं मी नंतर सांगितलं.
वर वारा फारसा नव्हता.

ब्रेक जरा लवकर ओढले. खडीत ढुंगणावर बसले
आणि बसूनच राहिले, धुक्यासारखी.

लॉगबुकात एकहार्टने लिहिलं:
"उडी पहिली. पाय सायकल. मोजणं खणखणीत. पुन्हा."
खाली माझी सही, मलाच ओळखू येईना.
वेटकुकचे तीन तुकडे केले.
"मिरची कमी आहे," तो म्हणाला, आणि बोटं चाटली.

दुपारच्या फेरीत माझं नाव तिसरं.
मी उठले, पट्टा चाचपला,
एक,
दोन,
आणि संडासाकडे निघाले.